ओढ्यापलीकडचं रान

उन्हाळ्यातल्या वणव्याने स्तेपानिदाची हिवाळी कुरणं आठवडाभरात गिळली. आता भर जानेवारी, पदरी बेचाळीस रेनडिअर, आणि बर्फाखाली नुसता कोळसा. जनावरं उकरत, हुंगत आणि उपाशीच पुढे सरकत. त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

ती आणि तिचा थोरला भाऊ इन्नोकेंती तीन दिवस कळप घेऊन चारा शोधत होते. वाटेतल्या प्रत्येक रानाचं वय दोघांना तोंडपाठ होतं. हे कोवळे बर्च, स्तेपानिदाच्या मुलीचं लग्न झालं त्या सालच्या जळितावरचे. ही लार्चच्या काठ्यांची दाटी, भाऊ सैन्यातून परतला त्या सालची. तिथे जमिनीवर पांढरं दगडफूल, रेनडिअरचा हिवाळी चारा, धरलं होतं; पण जळल्या जागी ते पुरतं वाढायला माणसाचं आयुष्य जातं, आणि इथे ते नखाएवढंच होतं. त्याने रेनडिअरचं काय होणार!

चौथ्या दिवशी गोठलेला ओढा लागला आणि इन्नोकेंती थांबला.

"इथून मागे फिरायचं. पलीकडे कळप न्यायचा नाही."

हा आजीचा शब्द. बापानेही तो पाळला, आणि कारण विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"पण का नाही, दादा?"

"नाही म्हणजे नाही. आजी काय वेडी होती?"

"आजी नव्हती, वेडे आपण आहोत. जरा मान वर करून बघ की!"

पलीकडे लार्च उभे होते. टेकडीच्या माथ्यापर्यंत सगळ्यांचे शेंडे सारख्या उंचीवर, एक थोरला नाही की एक धाकटा नाही. स्तेपानिदाच्या अंगावर काटा आला. एवढं अफाट रान एकाच आगीच्या पोटचं होतं.

"जळलं होतं रे हे," ती म्हणाली. "बाबा अंगावर पीत होते तेव्हा मोठा वणवा आला, असं आजी सांगायची ना? बाबा आज केवढे असते?"

त्याने बोटं मोजली. "एक्क्याण्णव. पण खाली काही नसलं तर? परत फिरायचं बळ नाही यांच्यात."

"तर मला शिव्या घाल. साठ वर्षं घालतोच आहेस."

तिने पुढच्या मादीचा दोर धरला आणि ओढा ओलांडला. मादीने बर्फ हुंगला, क्षणभर थांबली, मग खुराने असं उकरू लागली की स्तेपानिदाचं तोंड बर्फाने भरलं. खाली दगडफूल होतं. दाट, मऊ, हात घातला तर मनगट बुडेल एवढं. मागून अख्खा कळप धावत आला.

इन्नोकेंती बर्फात बसून ढसाढसा रडला. "बंदी नव्हती गं ती. म्हातारीने राखून ठेवलं होतं."

स्तेपानिदाने मादीचा दोर सोडून दिला. तान्हं अंगावर घेऊन काळ्या राखेपुढे उभ्या असलेल्या बाईला हा दिवस दिसला होता, आणि तिला स्वतःला त्यातलं काहीच मिळणार नव्हतं.

तंबूत चूल पेटली तेव्हा तिने रीतीप्रमाणे भाकरीचा पहिला तुकडा आगीला दिला. वणव्यानंतर रागाने तिने हे सोडलं होतं. भाऊच देत असे.

"काय गं, आगीशी समेट झाला वाटतं?"

"समेट कसला? काम सांगतेय तिला. जाळलंस तिथे आता उगवायलाही लाव म्हटलं. मी नसेन तेव्हा कुणीतरी उपाशी येईल."