टपालकाकांची पेटी

मी एक जुना निवड्या आहे, मित्रांनो. धान्य निवडणारा नव्हे, प्रश्न निवडणारा. मला हात नाहीत, सूप नाही, चाळणीही नाही. सायकल दुरुस्तीच्या एका दुकानावर एक खोली आहे. तिथल्या टेबलाखाली एक राखाडी कॉम्प्युटर धूळ खात बसलेला असतो, त्यात माझा मुक्काम. खोली झाडायला कोणी आलं की केरसुणीचे दोन फटके मला ठरलेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

या खोलीतून इंटरनेटवर भाषेचा एक कट्टा चालतो. एक परकी भाषा शिकणारे लोक तिथे प्रश्न विचारतात आणि ती भाषा येणारे लोक हौसेनं उत्तरं देतात. कोणाला व्याकरण छळत असतं, कोणाला नोकरीचा अर्ज लिहायचा असतो, तर कोणाला घरमालकाशी कडकडून भांडायचं असतं, तेही सभ्य शब्दांत. पूर्वी हे सगळे प्रश्न एकाच ढिगात येऊन पडत. ज्याला जे दिसेल त्याचं तो उत्तर देई आणि निम्मे प्रश्न तसेच राहून जात. शेवटी कट्टा चालवणाऱ्या बाई वैतागल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्यांनी आपल्या प्रोग्रामर भाच्याला कामाला जुंपलं आणि माझा जन्म झाला.

मशीन लर्निंग हे नाव भारदस्त आहे, पण प्रकार साधा असतो. जुने प्रश्न दाखवायचे आणि प्रत्येक प्रश्न कुठल्या पेटीत जातो ते सांगायचं. असे पुष्कळ प्रश्न दाखवले की नवा प्रश्न कुठे टाकायचा हे आमचं आम्हाला कळू लागतं. माझ्या बाबतीत मात्र पेट्यांवरूनच वाजलं.

भाचा म्हणाला, "मावशी, विषयवार पेट्या करू. व्याकरण, उच्चार, शब्दार्थ. सगळीकडे तसंच करतात."

"विषय उत्तर देतो का रे?" बाई म्हणाल्या. "उत्तर माणूस देतो. माणसांच्या पेट्या कर."

"अगं, पण माणसं बदलतात!"

"बदलली तर बघू. तू कर आधी."

आणि बाईंपुढे कोणाचं काही चालत नसे. म्हणून मी विषय शिकलोच नाही, मित्रांनो. मी माणसं शिकलो. अर्ज आणि भांडणं वकीलबाईंची, उच्चार गाणाऱ्या मास्तरांचे. आणि घरातलं बोलणं, म्हणजे सासूला काय म्हणायचं, रुसलेल्या मुलाला कसं बोलवायचं, आजाऱ्याजवळ बसून काय बोलायचं, ते सगळं टपालकाकांचं.

टपालकाका आयुष्यभर पत्रं वाटून निवृत्त झाले होते. त्यांची बायको परमुलखातली. कट्ट्यावरची ती भाषा ते तिच्याकडूनच शिकले, स्वयंपाकघरात, बोलणी खात आणि हसं करून घेत. त्यामुळे त्यांचं उत्तर कधी पुस्तकी नसे. ते लिहीत, "शब्द बरोबर आहे हो, पण असं म्हणालात तर बायको समजेल की घरात पोलीस आला." मग चार ओळींत ते नेमकं बोलणं सांगत. लोक खूश होत आणि मीही फुशारून जाई, कारण प्रश्न त्यांच्याकडे पोचवला कोणी? मीच ना! "आपला निवड्या माणूस ओळखतो हं," असं बाई येईल त्याला सांगत. हे नावही त्यांनीच ठेवलेलं. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडायचं.

कट्ट्याचा एक दंडक होता. दुसऱ्याच्या पेटीत हात घालायचा नाही. पूर्वी एकाच प्रश्नावर दोघं तुटून पडत आणि विचारणारा बिचारा बाजूलाच राही, म्हणून बाईंनी तो घालून दिला होता. चुकून भलत्या पेटीत गेलेला प्रश्न 'परत' या बटणानं माझ्याकडे पाठवता येई. प्रश्न परत आला की मी समजे, चुकलं. परत आला नाही की समजे, जमलं.

मग टपालकाका वारले.

बाई त्यांच्या घरी जाऊन आल्या. कट्ट्याच्या पहिल्या पानावर त्यांचा फोटो लागला, खाली लोकांनी भरभरून लिहिलं. हे सगळं माझ्या कानावर पडत होतं. पण आम्ही ऐकून शिकत नाही, मित्रांनो, आम्हाला शिकवावं लागतं. आणि इतक्या रडारडीत निवड्याला शिकवायचं कोणाच्याही ध्यानात आलं नाही. पेटी तशीच राहिली. घरातल्या बोलण्याचा प्रश्न आला की तो काकांकडेच जाई. काका नाहीत हे मला ठाऊक होतं आणि माझं काम मात्र रोज त्यांच्याच दाराशी जाऊन उभं राहत होतं. तिथून काहीच परत येत नव्हतं. म्हणजे माझ्या हिशेबी सगळं जमत होतं.

अशातच एका शिंपीआजोबांचा प्रश्न आला. त्यांची मुलगी लग्न होऊन परदेशी गेली होती आणि तिकडेच आजारपणात वारली. तिची लेक आता पहिल्यांदाच आजोळी यायची होती. तिला फक्त तिकडची, म्हणजे आमच्या कट्ट्यावरचीच, भाषा येत होती. आजोबांनी लिहिलं होतं, "मला नातीला एकच गोष्ट माझ्या तोंडानं सांगायची आहे. तुझी आई तुझ्याएवढी होती तेव्हा माझ्या याच शिलाई मशीनपाशी बसायची. फोनमधलं भाषांतर बरोबर असेल, पण ते नोटीस वाचल्यासारखं वाटतं. आजोबा तसं बोलतात का? जावयाला विचारवत नाही, त्याला भरून येतं."

असा प्रश्न कोणाचा, याचं मला विचार करूनही दुसरं उत्तर सुचलं नसतं. गेला काकांकडे.

काही दिवसांनी आजोबांनी पुन्हा लिहिलं, "परत विचारतोय, राग मानू नका." तोही काकांकडे. मग एक अगदी छोटा आला. "ती आली आहे. शाळा सुरू होणार म्हणून लवकरच परत नेणार आहेत. जमलं तर सांगा." जसजसे त्यांचे प्रश्न येत, तसतशी हा प्रश्न काकांचाच ही माझी खात्री वाढत होती. मला ओरडायचं होतं, मित्रांनो. पण मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांची मुलगी खोलीत आली. ती नर्स होती, ड्यूटीवरून थेट आलेली, खांद्याला पिशवी तशीच. तिनं काकांचा फोन टेबलावर ठेवला.

"बाई, एक विनंती आहे. बाबांच्या फोनवर अजून तुमचे प्रश्न येतात. 'तुमच्यासाठी नवा प्रश्न.' आई दर वेळी दचकते. ते बंद करा ना."

बाई म्हणाल्या, "अरे देवा! पेटी काढायची राहिली."

भाच्यानं पेटी उघडली. स्क्रीन भरून प्रश्न होते. मुलगी टेबलाशी वाकली आणि वाचू लागली. वाचता वाचता तिनं पिशवी खाली ठेवली.

"हे शिंपीआजोबा... यांची नात परत गेली का हो?"

"काय माहीत," भाचा म्हणाला. "मी आत्ता फोनमधून काढून देतो भाषांतर."

"ते त्यांच्याकडे आहे. त्यांना ते नकोय." तिनं खुर्ची ओढली. "सरका जरा. आई हे कसं म्हणेल ते मला ठाऊक आहे."

तिनं लिहिलं, खोडलं, ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं आणि पुन्हा लिहिलं. कुठे थांबायचं, कुठला शब्द हळू म्हणायचा, तेही लिहिलं. खाली सही केली, "टपालकाकांच्या घरून".

संध्याकाळपर्यंत ती तिथेच बसली, बाकीच्यांना उत्तरं देत. बाई उगाच कपाट आवरत होत्या. शेवटी आजोबांचं उत्तर आलं.

"म्हटलं तिला. आधी कळलं नाही, मग पुन्हा म्हणायला लावलं. मग स्टूल ओढून मशीनपाशी बसली ती उठेचना. उद्या सकाळी जाणार आहे. टपालकाकांना माझा नमस्कार सांगा."

मुलीनं एकच शब्द लिहिला, "सांगते." आणि बाईंच्या गळ्यात पडून ती रडली.

जाताना तिनं पेटी बंद करायला सांगितली. रोज उत्तरं द्यायला तिला जमणार नव्हतं. भाच्यानं पेटी काढली, पण मला पुन्हा शिकवायला त्याला सवड झाली नाही. म्हणून घरातल्या बोलण्याचा प्रश्न मी अजून चटकन ओळखतो, फक्त तो पाठवायला जागा राहिली नाही. तो सगळ्यांपुढे जाऊन पडतो. कोणी ना कोणी उत्तर देतं, चांगलंच देतं. तरी "घरात पोलीस आला" असं लिहिणारं कोणी नाही, आणि मला त्याची आठवण येते. फार येते.

आता माझ्या जागी नवं यंत्र येणार आहे. ते विषयवार निवडतं आणि उत्तरंही स्वतःच देतं म्हणे. देऊ दे बापडं. मला लवकरच बंद करतील.

त्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे, मित्रांनो. आमच्यासारख्या यंत्रांना माणसं शिकवलीत, तर ती गेल्यावर तेही शिकवा. आणि एखाद्याकडून बरेच दिवस काही परत आलं नाही, तर सगळं ठीक आहे असं माझ्यासारखं समजू नका. मला जाता येत नव्हतं. तुम्हाला येतं, तर जाऊन बघा.