तात्यारावांची उरलेली कादंबरी

वाचनाशिवाय माणूस अपुरा आहे, असं यज्ञेश्वर दामले यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, कुणी विचारलेलं नसताना मांडलं. शेजारच्या खुर्चीत काळा चष्मा लावून बसलेले त्यांचे सासरे तात्याराव म्हणाले, "खरं आहे. आमचे जावई लग्नापासून अपुरे आहेत."

डॉक्टर बाईंना हसावं की नाही ते कळेना. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालंय, नव्या चष्म्याचा नंबर मिळेपर्यंत वाचन बंद, एवढंच त्यांना सांगायचं होतं. तात्यारावांनी ते ऐकून घेतलं आणि अर्धवट राहिलेल्या कादंबरीचं काय, असं विचारलं. घरातलं कुणी तरी वाचून दाखवेल की, बाई म्हणाल्या आणि समोर एकच माणूस दिसत होता म्हणून त्यांनी यज्ञेश्वररावांकडे पाहिलं.

यज्ञेश्वरराव एका विमा कंपनीत क्लेम विभागात होते आणि तिथे त्यांचं काम कधी अडलेलं नव्हतं. घरी मात्र, वारज्याच्या फ्लॅटमध्ये, दोन कपाटं भरून पुस्तकं होती आणि प्रत्येकात पहिल्या पन्नास पानांच्या आत कुठे तरी खूण होती. पुस्तक आणलं की ते भारावून जात, भेटेल त्याला शिफारस करत आणि मग बोन्सायच्या वडाची मुळं छाटायची वेळ होई. वडाचं होईपर्यंत बासरीचा क्लास आठवे. बासरी हातात घेतली की टेबलावर पोट उघडून ठेवलेला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दिसे आणि त्याच्या एका भागासाठी ते बुधवार पेठ पालथी घालायला निघत. त्यांच्या शिफारशीवरून ऑफिसातल्या दोघांनी अख्खी पुस्तकं वाचली होती. त्यांतल्या एकाने शेवटाचा विषय काढला, तेव्हा यज्ञेश्वररावांनी "आधी तुम्हाला काय वाटलं ते सांगा" म्हणून वेळ मारून नेली होती.

तात्याराव गणिताचे निवृत्त मास्तर, आता मुक्काम लेकीकडेच. सुरू केलेलं उदाहरण उत्तरापर्यंत न नेणारा माणूस त्यांनी आयुष्यभर बाकावर उभा केला होता. जावयाला बाकावर उभं करता येत नाही, ही एक अडचण होती. ते नुसतं विचारत, "सध्या काय अर्धवट आहे?"

वाचून दाखवायला दुसरं कुणी मिळतंय का, याचा यज्ञेश्वररावांनी प्रामाणिक प्रयत्न केला. बायको वासंती दिवसभर शाळेत मुलांवर आवाज खर्च करून येई. मुलगी स्पृहा म्हणाली, "बाबा, तू टेन्शन नको घेऊ, ॲप आहे ना. आजोबा, फोनच वाचून दाखवेल तुम्हाला, फुल इमोशनसकट." तात्यारावांनी नमुना ऐकला. हा गृहस्थ आपल्याला ओळखत नाही म्हणूनच इतकं गोड बोलतोय, असं म्हणून त्यांनी फोन परत दिला. शिवाय त्यांची कादंबरी त्यात नव्हतीच. ती कोकणातल्या भाताच्या गिरणीवर जगणाऱ्या एका घराण्याची होती, वाचनालयातून आणलेली, आणि उशी म्हणून वापरता आली असती एवढी जाड.

पहिल्या संध्याकाळी यज्ञेश्वररावांनी चहा झाल्यावर वाचायला घेतलं. मधूनच सुरुवात असल्यामुळे कोण कुणाचा कोण, ते त्यांना समजेना. तात्याराव डोळे मिटून नाती सांगत गेले. थोड्याच दिवसांत गिरणीचा मालक बाबल, त्याची तिरसट बहीण आणि सगळ्यांना धारेवर धरणारे त्याचे सासरे यज्ञेश्वररावांच्या ओळखीचे झाले. सासरे तर फारच. एकदा ऑफिसात क्लेमचे कागद चाळताना, बाबलने गिरणी गहाण टाकायला नको होती, असं ते मोठ्याने म्हणाले.

पण रेडिओप्रेमींचा मेळावा जवळ येत होता. यंदा आपला रेडिओ तिथे वाजवून दाखवायचा, असं त्यांनी ग्रुपवर जाहीर करून ठेवलेलं होतं. एका संध्याकाळी बुधवार पेठेतलं दुकान बंद व्हायच्या आत गाठायचं होतं, म्हणून त्यांनी मधलं एक प्रकरण सराईतपणे उलटलं आणि पुढचं वाचायला लागले. तात्यारावांनी पानभर ऐकून घेतलं.

"काल बाबलचे सासरे जेवायला बसले होते," ते म्हणाले. "आज त्यांचं तेरावं चाललंय. मध्ये थोडे आजारी तरी पडले असतील."

"पडले ना. तेच ते, साधंसं आजारपण."

"साधंसं आजारपण पण वाचा. सासऱ्यांच्या बाबतीत घाई बरी नव्हे."

यज्ञेश्वरराव निमूट मागे गेले. त्या सासऱ्यांनी पुढची तीन प्रकरणं होतील एवढा वेळ घेतला असं त्यांना वाटलं, पण गेले तेव्हा चष्मा पुसायला थांबावं लागलं. दुकान अर्थातच बंद झालं होतं.

मग सलिलचा फोन आला. सलिल म्हणजे वासंतीचा भाऊ, बंगळुरूचा. त्याने मोठा फ्लॅट घेतला होता, तळमजल्यावर, तात्यांसाठी मुद्दाम. पुढची डोळ्यांची तपासणीही तिकडेच करू, म्हणाला. सोमवारी घ्यायला येतो. किती दिवसांसाठी, हे कुणी विचारलं नाही. वासंतीने स्वेटर काढले, सगळ्या हिवाळ्या-पावसाळ्यांना पुरतील इतके, त्यावरून घरात सगळ्यांना समजलं.

रविवारी जेवणं झाली तेव्हा कादंबरी बरीच उरली होती. मेळावा संध्याकाळी पाचला होता आणि रेडिओला शेवटचं डाखकाम, म्हणजे सोल्डरिंग, हवं होतं.

"तुम्ही जा," तात्याराव म्हणाले. "गिरणीचं जे व्हायचं ते तुमच्यावाचून होईल. तुम्हाला सवय आहे."

आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर यज्ञेश्वरराव गेले असते. त्यांनी ग्रुपवर निरोप टाकला, फोन स्वयंपाकघरात ठेवून आले आणि पुस्तक उघडलं.

दुपारभर ते वाचत होते. वासंती सामान भरता भरता दारात येऊन उभी राहायची आणि दोन परिच्छेद ऐकून जायची. स्पृहाने न सांगता दोनदा चहा आणून ठेवला. गिरणी बंद पडली, बहीण निघून गेली, बाबल म्हातारा झाला. घसा बसत आला तेव्हा यज्ञेश्वररावांनी कोमट पाणी मागितलं, पण खूण ठेवली नाही. दिवेलागणीला, शेजारपाजारहून जमवून आणलेल्या भाताच्या एकाच पोत्यासाठी बाबलने गिरणी पुन्हा चालू केली. भुसा उडाला. म्हातारा त्यात उभा राहिला. संपलं.

आपण पुस्तकाच्या या टोकाला आलो आहोत, हे यज्ञेश्वररावांना मागचा पुठ्ठा बोटांना लागला तेव्हा पटलं.

"बरोबर," तात्याराव म्हणाले. "एकच पोतं."

"बरोबर म्हणजे?"

"पहिल्याच दिवशी वाचला होता मी शेवट. ऐंशी झाल्यापासून मी आधी शेवटचं पान वाचतो, मग सुरुवात. भरवसा काय?"

"मग तात्या, आज दुपारपासून मी हे..."

"तुम्हाला कुठे ठाऊक होता?" तात्याराव म्हणाले आणि काठी शोधू लागले. ती यज्ञेश्वररावांनी त्यांच्या हातात दिली. दारापर्यंत गेल्यावर तात्याराव वळून म्हणाले, "वाचता बरं. पूर्णविरामाला थांबता."

तीस वर्षांत मिळालेलं हे पहिलं कौतुक होतं.

सोमवारी सकाळी सलिल त्यांना घेऊन गेला. जिन्यात तात्यारावांनी सगळ्यांना सूचना दिल्या, जावयाला काही दिली नाही. वासंती तात्यांच्या खोलीतली चादर बदलायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

संध्याकाळी ऑफिसातून परस्पर यज्ञेश्वरराव वाचनालयात गेले. काउंटरवर नम्रताताई होत्या. तिथली नोकरी लागल्यापासून त्या कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. यज्ञेश्वररावांनी कादंबरी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवली.

"पूर्ण वाचलं," ते म्हणाले.

नम्रताताईंनी शिक्का मारला.

"न वाचता दिलं तरी घेतो आम्ही," त्या म्हणाल्या.