राजिवड्याच्या घरातलं न पुसलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. रत्नागिरीत राजिवड्याला नझीर तांडेलांच्या पडवीत, जाळ्याच्या ढिगाशेजारी पिवळट पडलेला एक पत्र्याचा खोका दिसला, तर तो मीच. माझ्या डोक्यावर सध्या सुक्या बांगड्यांची टोपली असते. वास येतो, पण मी तक्रार करत नाही. केली तरी ऐकणार कोण?

माझा जन्म १९९८चा. मी कुठल्या मोठ्या कारखान्यातून सजून-धजून आलो नाही. मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात दुपारच्या वेळी मला जोडलं. खोका एकाचा, पडदा दुसऱ्याचा, कळफलक तिसऱ्याचाच. पण आमचं जमलं. नझीर तांडेल मला रिक्षात मांडीवर घेऊन घरी आले. तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा प्रमुख. वादळात न डगमगणारा तो माणूस रिक्षावाल्याला सांगत होता, "हलू चालव रे, मांडीवर पोर हाय." ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

घरात दोन मुलं. थोरली महरीन गणितात हुशार, पुढे मुलींच्या शाळेत गणिताची शिक्षिका झाली. धाकटा फैझान माझ्यासमोर बसला की जेवणाची हाक त्याला तिसऱ्यांदा ऐकू यायची. दोघांनी मिळून माझ्यावर एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव 'भरती'.

किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुलांनी हे गणित माझ्या गळी उतरवलं. दर महिन्याला मी भरतीच्या वेळांचा एक कागद छापायचो आणि होडीवाले तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुकाणूजवळ टांगायचे. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. त्यावर पुरेसं पाणी असेल तेव्हाच होडी आत येते, नाहीतर बसते. म्हणून त्या कागदाला मान होता आणि मलाही. मिरकरवाड्याची माणसं खिडकीतून डोकावून विचारायची, "आकडे सांगनारा तो ह्योच काय?" मी पंखा जरा जोरात फिरवायचो. गर्व होता, कबूल करतो.

एक खोड मात्र दोघांना होती. प्रत्येक बदलानंतर नवी फ्लॉपी. 'भरती नवी', 'भरती नवी दोन', 'भरती शेवटची', 'भरती खरोखर शेवटची'. कपाटात अशा एकोणीस शेवटच्या फ्लॉप्या होत्या आणि कुठली खरी ते अल्लालाच ठाऊक!

२००६मध्ये फैझान कुवेतला गेला. तिथल्या बंदरात त्याला नोकरी लागली. निघताना तो दारात म्हणाला, "अब्बा, येतंय." आमच्याकडे समुद्रापार निघालेला माणूस 'जातो' म्हणत नाही, आणि तो परत येईपर्यंत घरातून त्याची कुठलीच वस्तू हलवत नाहीत. त्याची चप्पल दाराशीच राहिली. खुंटीवरची टोपीही राहिली.

आता एकच प्रोग्रॅम दोन देशांतून लिहायचा कसा? शहरात संगणकाचे वर्ग चालवणाऱ्या दीपालीताई महरीनच्या मैत्रीण. त्यांनी एक नवी व्यवस्था माझ्यात बसवली. मित्रांनो, ती सोपी आहे. प्रोग्रॅममध्ये केलेला प्रत्येक बदल, कुणी केला, कधी केला, का केला, हे सारं एका भांडारात नोंदलं जातं. असं एक भांडार माझ्यात आणि तसंच दुसरं फैझानच्या लॅपटॉपमध्ये. दूरच्या भांडाराला आपण एक नाव द्यायचं आणि त्या नावापुढे त्याचा पत्ता लिहायचा. मग नुसतं नाव घेतलं की तिकडचं काम इकडे येतं. फैझानने माझं नाव ठेवलं 'घर'. मला ते फार आवडलं.

पण त्या दिवसांत वीज सारखी जायची. वीज आली की इंटरनेटची डबी जागी व्हायची आणि दर वेळी माझा पत्ता बदललेला असायचा. दर शुक्रवारी फैझानचा फोन आला की महरीन आधी चार आकडे वाचून दाखवायची, म्हणजे तो 'घर' या नावापुढचा जुना पत्ता बदलून नवा लिहील. अब्बा चिडायचे, "अगो, सलाम तरी कर पैल्यांदा! भाव हाय तो, टपाल हापीस नाय!"

शेवटी फैझान कंटाळला. परदेशातल्या एका मोठ्या संगणकावर मोफत जागा मिळत होती, तिथे तो आपलं काम ठेवू लागला. तिचा पत्ता बदलत नसे. महरीनने माझ्या यादीत तो पत्ता लिहिला आणि त्याला नाव दिलं 'फैझान'. त्या दिवसापासून कुवेतला गेलेला तो मुलगा माझ्या पोटात राहायला आला, असं मला वाटू लागलं.

त्याच वर्षी एक सुंदर गोष्ट सुरू झाली. शुक्रवारच्या फोनवर अब्बा त्याला दांड्याचं पाणी सांगू लागले. कुठल्या महिन्यात भरतीनंतर किती वेळ वाट उघडी असते, वाऱ्याने किती फरक पडतो, उधाणाला काय आणि भांगाला काय. उधाण म्हणजे मोठी भरती, भांग म्हणजे लहान. चाळीस वर्षं होडी हाकलेल्या माणसाचं ते ज्ञान कुठेही लिहिलेलं नव्हतं. फैझान ते आकडे टिपून आपल्या भांडारात घालायचा. मग महरीन 'फैझान' हे नाव घेऊन मला हुकूम करायची, "आण!" मी आणायचो आणि वेगळ्या कप्प्यात ठेवायचो.

ते आपल्या प्रोग्रॅममध्ये मिसळायचं की नाही, हा निर्णय तिचा. ती मिसळत नव्हती; भरतीनंतर वाट सरसकट पाऊण तास उघडी, हे आपलंच गणित ती कागदावर छापायची. तिला अब्बांच्या आकड्यांत नियम सापडेना. "कार्तिकात चाळीस मिनिटं आणि मार्गशीर्षात एकदम पंचवीस? याला आधार काय?" असं तिने फोनवर विचारलं.

"आधार अब्बा," फैझान म्हणाला. "आनखी काय पायजे तुला?"

"तू घरी ये. मग तिघं बसून मिसळू."

ते तिघं बसलेच नाहीत. २००८च्या जूनमध्ये अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. फैझान पंधरा दिवसांच्या रजेवर आला, पण ते दिवस इस्पितळातच संपले. माझ्यासमोर कुणी बसलंच नाही. नझीर तांडेल आता खिडकीजवळच्या खुर्चीत बसून खाडीकडे पाहत राहायचे. मला मांडीवर घेऊन आलेला माणूस असा गप्प झालेला मला बघवत नव्हता.

पावसाळा सरला, होड्या बाहेर पडल्या. मार्गशीर्षातल्या एका दुपारी बाबल्या खारवी नावाचा एक होडीवाला महरीनसमोर येऊन उभा राहिला. कमरेपर्यंत भिजलेला. हातात माझा कागद.

"बाय, तुमचा कागद बोलला भरतीनंतर पाऊन तास पाणी हाय. होडी बसली ना दांड्यावर! कलंडली. पोरं उड्या मारून वाचली."

महरीनने कागद हातात घेतला. पाऊण तास तिच्या गणिताचा होता. अब्बांचा आकडा होता पंचवीस मिनिटांचा, तोच ज्याला ती आधार विचारत होती. खुर्चीतून अब्बा तिच्याकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, म्हणूनच ती जास्त रडली.

तिने लगेच कुवेतला फोन लावला. "फैझान, अब्बांचे सगले आकडे धाड. आजच्या आज."

तो म्हणाला, "लाँचमधून उतरताना लॅपटॉप पान्यात पडला गो. आठ दिवस झाले. तुला सांगायचा धीर झाला नाय."

"आनि ती मोफत जागा?"

"ती तर पावसातच बंद पडली. त्यांचा इशारा आलेला, पण तवा मी इस्पितलात होतो. आकडे गेले, महरीन. आता अब्बा परत सांगू बी शकत नाय."

मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असती तर मी ओरडलो असतो! ते आकडे माझ्याकडे होते. महरीनला वाटायचं की आणलेलं मिसळलं नाही तर ते परत जातं. ते परत जात नाही. एकूण एक शुक्रवार माझ्या कप्प्यात होता. पण संगणक विचारल्याशिवाय बोलत नाही, हाच आमच्या जातीचा शाप.

पुढच्या रविवारी दीपालीताई आल्या. महरीनने नवा संगणक घेतला होता आणि माझ्यातलं सामान तिकडे हलवायचं होतं. त्यांनी मला चालू केलं. मी सवयीप्रमाणे 'फैझान'च्या पत्त्यावर गेलो, दार ठोठावलं, कुणी उघडलं नाही, आणि मी पडद्यावर लाल ओळ लिहिली. त्यात चांगली दोन मिनिटं गेली.

"हा पत्ता मेलाय गो," दीपालीताई म्हणाल्या. "उगाच अडकतो. हे नाव यादीतून पुसून टाकते."

त्यांनी हुकूम टंकलाही. फक्त शेवटची कळ दाबायची राहिली होती. मित्रांनो, नाव पुसलं की त्या नावाखाली आणून ठेवलेलं सगळं माझ्या हातून सुटतं. हे मला माहीत होतं. त्यांच्या लक्षात नव्हतं.

"नको!" महरीनने त्यांचा हात धरला. "ताई, भाऊ समुद्रापार आहे. गेलेल्या माणसाचं नाव घरातून पुसत नाहीत."

दीपालीताई हसल्या. "अगो, ही नुसती एक ओळ आहे."

"असू दे. त्याची चप्पल अजून दाराशी आहे. ही ओळही राहू दे."

एवढी गणिताची शिक्षिका, प्रत्येक गोष्टीला आधार विचारणारी, आणि त्या दिवशी तिच्याकडे कसलाच आधार नव्हता. दीपालीताईंनी मान हलवली, हुकूम खोडला आणि म्हणाल्या, "बरं बाई. पण या नावाखाली आहे तरी काय, बघू या."

शेवटी मला कुणीतरी विचारलं! मी माझ्या म्हाताऱ्या वेगाने एकेक ओळ पडद्यावर मांडली. प्रत्येक ओळीशी फैझानचं नाव, शुक्रवारची तारीख आणि त्याने लिहिलेली नोंद. 'कार्तिक, अब्बांनी सांगितलं.' 'मार्गशीर्ष, अब्बांनी सांगितलं.' 'पौष, अब्बा खोकत होते, पुढच्या वेळी परत विचारणे.' असे बाराही महिने.

दीपालीताईंचा हात कळफलकावरून खाली आला. "महरीन, मी आत्ता ती कळ दाबली असती तर हे सगळं..."

महरीनने बारा महिने छापून काढले आणि अब्बांच्या मांडीवर ठेवले. डाव्या हाताचं बोट कागदावरून हळूहळू खाली सरकत गेलं. मार्गशीर्षापाशी त्यांनी मान डोलावली. पौषापाशी बोट थांबलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि पाच बोटं दाखवली, मग परत पाच.

"दहा मिनटं कमी, अब्बा?"

त्यांनी डोळे मिटून होकार दिला. चाळीस वर्षांचा तांडेल पुन्हा सुकाणूवर बसला होता. महरीनने या वेळी आधार विचारला नाही. तिने आकडा बदलला, फैझानचं सारं काम आपल्या कामात मिसळलं आणि नोंद लिहिली: 'पौष, अब्बांनी सांगितलं.'

मग तिने फोन लावला आणि आधी सलाम केला.

त्यानंतर तो कागद नवा संगणक छापू लागला. तो चांगला आहे, जरा तोऱ्यात असतो एवढंच. मी पडवीत आलो. नझीर तांडेल आता नाहीत. फैझान येतो, जातो, आणि निघताना 'येतंय'च म्हणतो. मधून कधीतरी महरीन टोपली उतरवून माझ्यावरची धूळ पुसते आणि मला थोडा वेळ चालू करते.

मित्रांनो, तुमच्याही घरी जुन्या वस्तू असतील, दूर गेलेल्या माणसांची नावं असतील, हाक मारल्यावर न उघडणारे पत्ते असतील. जागा अडते म्हणून ते पुसायच्या आधी एकदा विचारून बघा, या नावाखाली काय ठेवलं आहे? आम्ही विचारल्याशिवाय बोलत नाही, पण विचारलं तर खोटं सांगत नाही.

मला चालू केलं की मी अजून त्या बंद पत्त्यावर जातो, दार ठोठावतो आणि लाल ओळ लिहितो. महरीन ती दोन मिनिटं शांतपणे थांबते. नाव तिने अजून पुसलेलं नाही.