मागच्या खोलीचा भुसा

सुताराची बायको आणि तिलाच दमा. या गोष्टीवरून तिचा नवरा जन्मभर स्वतःची थट्टा करत आला आणि मनातून खजीलही होत राहिला. मागच्या खोलीत रंधा मारायला शिरला की तो दार आतून लावून घ्यायचा, फटीला ओलं फडकं लावायचा. बाहेर ती खोकली की रंधा थांबायचा. तो गेल्यावर तिनं त्या खोलीला कुलूप घातलं, त्याला दोन वर्षं झाली.

दमा काही गेला नाही. झाडू हातात घेतला की धाप लागायची. व्हॅक्यूमचं धूड जिन्यावरून ओढणं तिला झेपत नव्हतं, शिवाय पुढून ओढलेली बारीक धूळ ते मागून खोलीतच सोडायचं. शेवटी लेक हट्टाला पेटली आणि तिनं घरात सेंट्रल व्हॅक्यूम बसवून घेतलं. मिस्त्रीनं चार दिवस खपून भिंतींतून पाइप फिरवले, प्रत्येक खोलीत झाकणाचं एक तोंड ठेवलं आणि मोटर व धुळीचा डबा लांब गॅरेजमध्ये टांगला. नळी तोंडात खोचायची की झालं. मागच्या खोलीचं त्यानं विचारल्यावर मात्र आईच म्हणाली, तिथं नको.

गुण लगेच आला. केर काढताना शेजारच्या खोलीतला रेडिओसुद्धा ऐकू यायचा. धूळ घराबाहेरच जात असल्यामुळे तिसऱ्या आठवड्यात औषधाचा पंप खणातच पडून राहिला.

शनिवारी तिनं डबा उघडला. करड्या धुळीवर पिवळाधमक भुसा होता, ओंजळभर. नाकाशी नेला तर ताज्या लाकडाचा वास आला. पुढच्या शनिवारीही तेच. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, भिंती फोडल्या तेव्हाचं काहीतरी पाइपात अडकलं असेल. तिसऱ्या शनिवारी डबा अर्धा भरला होता, तेव्हा तिनं मिस्त्रीला बोलावलं.

त्यानं सगळी तोंडं तपासली, नकाशा उलगडून बोट फिरवलं आणि डोकं खाजवलं. "काकू, त्या खोलीकडे पाइप गेलेलाच नाही. भुसा येणार कुठून?"

मग तिनं किल्ली आणली. दोघं आत शिरले. फळ्यांवर, हत्यारांवर, खिडकीवर दोन वर्षांची धूळ बोटभर साचली होती. सुताराच्या टेबलाभोवतीची फरशी तेवढी लख्ख होती, आत्ताच कुणी निपटून घेतल्यासारखी. मिस्त्री दोन पावलं मागे सरला. नवऱ्यानं उभ्या जन्मात स्वतःचा केर काढलेला तिला आठवत नव्हता.

ती स्टुलावर बसली. लग्नानंतर इतक्या वर्षांत या खोलीत ती पहिल्यांदाच बसत होती. छातीत घरघर नाही, खोकला नाही.

"इथंही एक तोंड बसव," ती हळूच म्हणाली. "त्याला किती दिवस एकट्यानं करायला लावायचं?"

मिस्त्री मोजपट्टी काढायला वळला. दोन दिवसांत त्यानं काम उरकलं, पण खोलीत असेपर्यंत दार सताड उघडं ठेवलं.

तिनं ती खोली स्वतः साफ केली. एकेक हत्यार पुसलं, कोपरा न् कोपरा ओढून घेतला. त्या शनिवारी डब्यात नुसती करडी धूळ होती. त्यानंतरही भुसा कधी आला नाही. लेकीला हायसं वाटलं. तिला मात्र डबा रिकामा करताना हातानं धूळ चाळून बघायची सवय लागली.

आता ती रोज सकाळी मागच्या खोलीतून केर काढायला सुरुवात करते. मधेच नळी बंद करते, मुद्दाम एकदा खोकते आणि काही थांबतं का ते ऐकत उभी राहते.