श्वास सोडणारी खोली

मे महिन्यातली भर दुपार होती आणि तुंगार्लीच्या वरच्या टेकडीवर तीनेकशे माणसं अनवाणी उभी होती. पाय भाजत होते, पण रांग मोडत नव्हती. समोर मातीचं एक घर होतं. त्यात वीज नव्हती, पंखा नव्हता, तरी म्हणे आतल्या खोलीत देवी गार श्वास सोडत होती.

"यंत्र शोधा, शोधा!" दाराशी चौरंगावर बसलेले श्वासगुरू महाराज गर्जत होते. "मोठमोठे इंजिनियर येऊन गेले. वायर सापडली? नाही! ऊन जेवढं कडक, तेवढा मातेचा श्वास जोरात. हा कॉस्मिक प्राण आहे, प्राण! पण अंगात गोळ्यांची उष्णता असली की तो शिरत नाही. औषधं सोडा, मग आत या."

मी आत गेले. भिंतीच्या तळाशी पितळी मुखवटा बसवला होता आणि त्याच्या उघड्या तोंडातून खरंच गार झुळूक येत होती. बायका तिथे तोंड नेऊन रडत होत्या. त्या मुखवट्यामागची जाळी मी बसवली होती. ते घर मी आखलेलं होतं.

मी आर्किटेक्ट. विजेवाचून गार राहणारा बंगला एका मालकाला हवा होता, तो मी तीन वर्षांपूर्वी बांधून दिला. मालक परदेशी गेला आणि घर महाराजांच्या हाती आलं. मोबाइलवर या 'श्वासा'चा व्हिडिओ पाहिला, म्हणून त्या दिवशी धावत आले होते.

"माधवीताई, तुमी?" कोपऱ्यातून हाक आली.

अंबाजीभाऊ होते, माझे मिस्त्री. त्या घराची एकेक भिंत त्यांच्या हातची. शेजारी चटईवर त्यांची धाकटी लेक प्रेरणा पडली होती. एकोणीस वर्षांची, तळेगावच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी. गालाची हाडं वर आलेली, श्वास उथळ.

"टीबी हाय तिला," अंबाजीभाऊ हळूच म्हणाले. "पर हितं आल्यापासून लय गुण हाय."

"गोळ्या चालू आहेत ना?"

"दोन महिनं खाल्ल्या. बरं वाटाया लागलं, तवाच महाराज म्हणलं, आता सोडा. दोन महिनं झालं त्याला."

"अहो, सहा महिने घ्यायच्या असतात त्या! भाऊ, ही देवी नाही. इथला चर तुम्हीच खणून घेतलात. दहा फूट खोल, दीडशे फूट लांब. त्यातला पाइप तुम्हीच जोडलात."

त्यांनी वळून मुखवट्याकडे पाहिलं. "त्यो? त्यो सांडपान्याचा न्हवं?"

चर खणताना त्यांनी मला विचारलं होतं, "ताई, ह्यो पाइप कशापायी?" मी फोनवर होते. "नकाशात आहे तसा टाका, भाऊ," एवढंच म्हणाले होते.

त्या खोलीत मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मग ते वाकले, लेकीला दोन्ही हातांवर उचललं आणि रांग कापत बाहेर पडले.

"अश्रद्धेनं नेताय!" महाराज मागून ओरडले. "मग माझ्याकडे येऊ नका!"

दवाखान्यात आठव्या दिवशी प्रेरणा गेली. "औषध मध्येच सुटलं, फुफ्फुसं पोखरून निघाली," डॉक्टर म्हणाले.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी अंबाजीभाऊ माझ्या दारात उभे. "चला ताई. लोकांस्नी दावू."

ते टेकडीच्या पलीकडे करवंदीच्या जाळीत गेले. पाइपाचं बाहेरचं तोंड तिथे होतं. मी खोलीत गर्दीत उभी राहिले. मुखवट्यापुढे उदबत्ती जळत होती, धूर झुळकेनं खोलीभर पळत होता. एकाएकी तो सरळ वर जाऊ लागला. झुळूक थांबली.

"मातेनं श्वास रोखला!" महाराज दचकले. "कुणीतरी अपवित्र आत आलंय!"

धूर पुन्हा हलला. आणि मुखवट्याच्या तोंडातून माणसाचा आवाज आला.

"म्या अंबाजी मिस्त्री बोलतोय. ह्यो पाइप म्या टाकलाय. आत्ता पोत्याचा बोळा घातलता, म्हणून वारं थांबलं. माझी प्रेरणा तितंच निजत व्हती, गोळ्या सोडून. ती मेली. तुमची लेकरं घिऊन जावा."

सगळ्यांचे डोळे मुखवट्यावर खिळले. महाराज मागच्या दारानं जीपकडे निघाले होते, ते फार थोड्यांनी पाहिलं.

मी लोकांना अंगणात आणलं, छपरावरचं काळ्या पत्र्याचं उंच धुराडं दाखवलं. "उन्हानं हे तापतं. धुराड्यातली हवा गरम होऊन वर निघून जाते, तिच्या जागी पाइपातून नवी हवा ओढली जाते. दहा फूट खाली जमीन मे महिन्यातही गार असते, म्हणून हवा गार होऊन येते. ऊन जास्त, तर ओढ जास्त. एवढंच आहे. यानं खोली गार होते, जंतू मरत नाहीत. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तो कसा होतो ते विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध सोडू नका. माझ्यासारख्या शिकलेल्यांना एवढंच सांगते, कुणी विचारलं तर उत्तर द्या. मी दिलं नव्हतं."

काही जण मला शिव्या देत गेले. बरेचसे मुकाट्यानं उतरले. एक बाई कडेवरच्या पोराला घेऊन थेट दवाखान्याच्या रस्त्याला लागली.

अंबाजीभाऊ करवंदीतून वर आले, काट्यांनी अंगभर ओरबाडलेले. माझ्याजवळ पायरीवर बसले.

"ताई, आमच्या घराला वर नुसता पत्रा हाय. उन्हाळ्यात आत थांबवत न्हाई. असला पाइप आमच्या घराला टाकता आला असता का?"

"आला असता, भाऊ."

"लय अवघड हाय?"

"नाही. तुम्ही एकट्यानं केला असता."

मग त्यांचा बांध फुटला.

"उकडतंय म्हणूनच आल्ती ओ ती हितं."