नरेंद्रची भट्टी

नरेंद्र गुजरातेत एका बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर इंजिनिअर होता. त्याची बायको साक्षी वाशिमच्या तंत्रनिकेतनात शिकवायची. उन्हाळ्यात तो घरी आला तेव्हा काळजीत होता. "भट्टीचा एक कोपरा लय तापून राह्यला. आत काच कशी फिरते, दिसतच नाई. तू लहानी भट्टी करून पाह्यतं काय?"

साक्षीने मापं घेऊन पारदर्शक प्लास्टिकची हौदी बनवली. वितळलेल्या काचेऐवजी त्यात घट्ट ग्लिसरीन फिरणार होतं आणि ज्वाळांच्या जागी वरून दिवे ते तापवणार होते. फोनवर दोघं त्यावरून भांडायचे, हसायचे. ग्लिसरीन भरायचं तेवढं राहिलं आणि कारखान्यातून निरोप आला. भिंत फुटली होती. नरेंद्र तिथेच उभा होता.

शवपेटी बंदच आली. आईला, गंगूबाईंना, लेकाचं तोंडही पाहता आलं नाही.

मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर साक्षी कामावर गेली आणि तिने हौदी भरली.

एका दुपारी सासरे, देवमन, केनवडहून एसटीने आले. "मले दाखव, माया पोराची भट्टी."

तिने दिवे लावले आणि लाल रंगाचा थेंब सोडला. त्याचा धागा वर चढला, पुढे सरकला आणि कोपऱ्यातल्या भिंतीला घासत खाली उतरला.

"इथं भिंत झिजत होती, मामाजी."

"तो कुठी उभा होता?"

साक्षीने हौदीबाहेर बोट टेकवलं. देवमन वाकून त्या जागेजवळ गेले.

"इतकी सावकाश चालते काच. मंग त्याले पळता काहून नाई आलं?"

"आत सावकाश असते, मामाजी. भिंत फुटली की एका दमात बाहेर येते." म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघंही रडली.

निघताना त्यांनी विचारलं, "नवी भट्टी बांधून राह्यले काय ते?"

"हो."

"मंग हे त्याइले धाड. तठी आता दुसऱ्याचं पोरगं उभं राहीन."

साक्षीने सगळं पाठवलं. कारखान्याने तो कोपरा बदलून बांधला. भट्टी पेटल्याचं कळलं तेव्हा ती केनवडला गेली आणि सासूला सांगितलं.

"बरं झालं बाई," गंगूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.