थांब, लुएला

थॅडियस पिकन्स सकाळपासून एकच गाणं म्हणत होता, पण त्याचं सगळं चित्त बसच्या अड्ड्यावर होतं. आदल्या दिवशी क्लार्क्सडेलहून बहिणीची, आर्डेलाची तार आली होती. आई सारखं तुझं नाव घेतेय, लगेच ये. दिवसाची शेवटची बस चारला सुटायची. पण मेम्फिसमध्ये रेकॉर्ड करायची ही संधी त्याला दोन वर्षं वाट पाहून मिळाली होती. बस धरली तर ही संधी हातची जाणार.

गाणं संथ होतं. रुसून निघालेल्या लुएलाला केलेली विनवणी. स्टुडिओचे मालक मिस्टर ब्रँट काचेपलीकडून दर वेळी मान हलवायचे. आवाज गोड आहे, म्हणायचे, पण झोप येते. अकरा वेळा झालं. थॅडियसने तारेचं त्यांना सांगितलंच नव्हतं. गोऱ्या माणसापुढे घरची रड नको, असं त्याला वाटलं.

साडेतीन वाजले. पियानोवाल्या युलिसिसने त्याला पुन्हा घड्याळाकडे बघताना पाहिलं.

"काय झालंय रे तुला?"

"आई चाललीय माझी. आणि मी इथे बसलोय."

युलिसिस पियानोकडे वळला. त्याने सरळ दुप्पट लयीत पियानो बडवायला सुरुवात केली. ढोलवाल्यानेही दचकून तीच लय पकडली. थॅडियसने गिटार ओढली आणि 'थांब, लुएला, थांब' असं ओरडतच सुटला. दुसरं कडवं विसरला, तिथे नुसताच हंबरल्यासारखा आवाज काढला. शेवटचा सूर विरायच्या आत गिटार खुर्चीवर टाकून तो दाराबाहेर पडला.

बस मिळाली. काळ्यांसाठीच्या मागच्या बाकांवर जागा नव्हती, तीन तास उभ्याने गेला. आईने त्याला ओळखलं, गालावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

ब्रँटनी तेच रेकॉर्डिंग बाजारात आणलं आणि वसंतात ते गाणं जिथे तिथे वाजू लागलं. रेडिओवर लागलं की पोरंपोरी नाचायला उठत, कॉलेजातली गोरी मुलंसुद्धा. कडवं विसरला होता तिथला तो आवाज सगळ्यांना तोंडपाठ झाला. आर्डेला मात्र रेडिओ बंद करायची.

ब्रँटनी पुन्हा बोलावलं. तसंच आणखी एक हवं होतं. तीच माणसं, तीच खोली. दिवसभर घासूनही जमलं नाही.

"त्या दिवशी काय केलं होतंस?" ब्रँटनी विचारलं.

"मला पोचायचं होतं, साहेब."

 ब्रँटनी यंत्र बंद केलं आणि आज पुरे म्हणाले.

पुढे थॅडियस गावोगाव ते गाणं म्हणत फिरला. टाळ्या थांबायच्या आत गिटार पेटीत घालायचा. लोक आग्रहाने जेवायला थांबवत. तो उभ्या उभ्या दोन घास खाऊन गाडीत जाऊन बसायचा. इतकी कसली घाई, असं युलिसिसने एकदा विचारलं. थॅडियसने नुसतीच गाडी काढायची खूण केली.